सफरचंदाची परीक्षा मे महिन्यात

प्रश्न असा आला आहे: "2019च्या डिसेंबरात कॉस्मिक क्रिस्प हे नवं सफरचंद बाजारात येणार म्हणून आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहणारी चार मराठी घरं दिवस मोजत होतो. आणलं, कापलं, आणि 'बरं आहे' यापलीकडे कुणी काही बोललं नाही. पुन्हा त्याच्या वाटेला गेलो नाही. यंदा मे महिन्यात दुसरं काही धड दिसेना म्हणून तेच आणलं, तर सगळ्यांनी मागून मागून खाल्लं. मे महिन्यातलं शिळं फळ डिसेंबरातल्या ताज्याहून सरस कसं? की तेव्हा नुसतीच हवा केली होती? नवं वाण चाखायचं तरी कसं? आणि पुण्याला आईला ते मिळेल का? भाऊ म्हणतो बी पाठव, कुंडीत लावतो."

तुमची जीभ दोन्ही वेळा बरोबर होती. पहिल्या वर्षी तुम्ही जे खाल्लंत ते कॉस्मिक क्रिस्पच, पण पोरवयातलं. यंदा खाल्लंत ते ज्या कामासाठी हे वाण जन्माला घातलं ते काम करताना.

मी वीसेक वर्षं वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातल्या पॅकिंग हाऊसमध्ये साठवणुकीचं काम बघते. ऑक्टोबरात बागेतून आलेलं फळ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जिवंत ठेवायचं, एवढंच ते काम. 'जिवंत' म्हणते कारण तोडलेलं सफरचंद मेलेलं नसतं. ते श्वास घेत असतं, स्वतःची साखर आणि आंबटपणा जाळत असतं. आमची सगळी खटपट ते जळणं मंद करण्याची.

आधी डिसेंबर 2019 बद्दल. या वाणाची पहिली व्यापारी लागवड 2017 च्या वसंतात झाली, आणि 1 डिसेंबर 2019 ला फळ विक्रीला आलं. म्हणजे तुमच्या ताटातलं फळ बागेतल्या तिसऱ्याच हंगामाच्या झाडाचं होतं. कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, कलमाच्या पहिल्या चार-सहा आंब्यांवरून तो झाडाची पारख करत नाही. सफरचंदाचंही तसंच. लहान झाडाला पानोळा भरपूर आणि फळं मोजकी, म्हणून फळ फुगतं. मोठ्या फळात गराच्या मानाने कॅल्शियम कमी पडतं, आणि दिसायला देखणं फळ चवीला जरा सैल निघतं.

दुसरं कारण आमच्याकडचं. कधी तोडायचं हेच आम्हाला नीट कळत नव्हतं. हे वाण रंगाने फसवतं. गर तयार व्हायच्या कितीतरी आधी साल गडद लाल होऊन बसते. रेड डेलिशस या जुन्या लाल वाणावर हयात घालवलेला माणूस असं फळ बघतो आणि शिडी लावतो. आम्ही तोडणीआधी फळ आडवं कापून त्यावर आयोडीन मारतो. जिथे स्टार्च शिल्लक आहे तिथे गर काळानिळा होतो, जिथे त्याची साखर झाली तिथे पांढरा राहतो. पहिल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका लॉटचे काप जवळजवळ पूर्ण काळे झाले. चावून बघितलं तर कच्चा बटाटा. तो लॉट मी दोन महिने अडवून ठेवला, त्यावरून ऑफिसात बोलणीही खाल्ली. पण लवकर तोडलेलं सगळंच फळ कुणी ना कुणी अडवलं असेल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तुमच्या पिशवीत त्यातलं एखादं आलं असणं अगदी शक्य आहे.

आता हवेबद्दल. हवा होती, आणि मोजूनमापून केलेली होती. जाहिरातीसाठी सुमारे 1 कोटी डॉलर बाजूला काढले होते. एका सफरचंदासाठी! पण त्या आकड्याला हसण्याआधी इथल्या बागायतदाराची अवस्था बघायला हवी. वॉशिंग्टन राज्याने काही पिढ्या रेड डेलिशसवर काढल्या. ते मूळचं आयोवातलं, जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवलेलं, आणि तेव्हा ते खरोखर चविष्ट असणार. पुढे बाजाराने लाल रंगाला भाव दिला. बागेत एखादी फांदी जास्त लाल फळ देताना दिसली की तिची कलमं बांधायची, मग त्यातल्या आणखी लाल फांदीची, असं वर्षानुवर्षं चाललं. साल जाड आणि कडवट होत गेली, गर पिठूळ होत गेला, रंग मात्र नवरीच्या शालूसारखा. शेवटी गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस कित्येक बागा तोट्यात गेल्या, आणि 2018 मध्ये अमेरिकेतलं पहिल्या क्रमांकाचं सफरचंद हा मान गाला या वाणाने पटकावला. म्हणून इथल्या माणसाला नवं फळ हवं होतं, आणि ते स्वतःचं हवं होतं.

ते वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीने दिलं. वेनाची इथल्या केंद्रात ब्रूस बॅरिट यांनी 1997 मध्ये एन्टरप्राइज आणि हनीक्रिस्प या दोन वाणांचा संकर केला. रोपं वाढवायची, कलमं बांधायची, फळ धरलं की ओळीतून चालत जायचं, एक घास घ्यायचा, चावायचा, थुंकायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचं. दिवसात शेकडो झाडं, आणि त्यातली जवळजवळ सगळी बाद. या कामाला आमच्यात कुणी ग्लॅमर चिकटवत नाही. दुपारपर्यंत आंबटाने दात असे शिवशिवतात की डब्यातली पोळी चावता येत नाही. 2008 मध्ये बॅरिट निवृत्त झाले आणि केट इव्हान्स यांनी काम पुढे नेलं. फळाला तेव्हा नाव नव्हतं, डब्ल्यूए 38 एवढीच ओळख. माझ्या आसपासचे जुने लोक अजून 'थर्टी एट'च म्हणतात. 'कॉस्मिक क्रिस्प' हे नाव गिऱ्हाइकांचे गट बसवून, त्यांच्याशी बोलून ठरलं. गडद सालीवरचे पांढुरके ठिपके कुणाला तरी आकाशातल्या चांदण्यांसारखे वाटले. ते ठिपके म्हणजे फळाची श्वास घेण्याची छिद्रं.

1997 चा संकर आणि 2019 ची विक्री, मध्ये बावीस वर्षं. हे ऐकून लोक चकित होतात, मला नवल वाटत नाही. मी दापोलीला शिकले. तिथल्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रात नीलम आणि हापूस या आंब्यांच्या संकरातून 'रत्ना' निघाला, तो 1981 मध्ये प्रसारित झाला. झाडाच्या पिकात घाई चालत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं होतं.

रोपं मिळवण्यासाठी 2014 मध्ये बागायतदारांची चक्क सोडत काढावी लागली, इतकी मागणी होती. पुढच्या काही वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास झाडं लागली. फळाची चव बाजारात कुणी घेतलेली नसताना! पहिली दहा वर्षं उत्तर अमेरिकेत हे वाण फक्त वॉशिंग्टनच्या बागायतदारांनी लावायचं, अशी अट ठेवली गेली. झाडामागे रॉयल्टी आणि पेटीच्या किमतीवरही ठरावीक टक्का. नाशिककडच्या ज्यांनी परवाना घेऊन परदेशी द्राक्षवाणं लावली आहेत, त्यांना हा मामला वेगळा समजवावा लागणार नाही. तेव्हा 2019 ची ती वाट बघणं तुमच्यासाठी हौस होती, पण इथे माझ्या ओळखीच्या घरांमध्ये कर्जाचे कागद होते. जाहिरातीतला उत्साह थोडा घायकुतीला आलेला वाटला असेल, तर त्याचं कारण हे.

आता मूळ प्रश्न, मे महिन्याचा.

आईबापांपासून सुरुवात करू. हनीक्रिस्प मिनेसोटा विद्यापीठाचं. त्याचा संकर 1960 चा, आणि प्रसारित झालं 1991 मध्ये. मधल्या काळात ते फेकून द्यायच्या यादीत गेलं होतं. डेव्हिड बेडफर्ड या तरुण संशोधकाने ते वाचवलं. त्या फळाने अमेरिकेला करकरीत म्हणजे काय ते दाखवलं. सफरचंद दोन तऱ्हेने तुटतं. पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारा पेक्टिनचा थर सैल पडला असेल, तर दात लागताच पेशी एकमेकींपासून सुटतात पण फुटत नाहीत. रस आतच राहतो आणि तोंडात भुसा आल्यासारखं वाटतं. ते पिठूळ सफरचंद. उलट तो थर पक्का असेल तर फट पेशींमधून आरपार जाते, पेशी फुटतात आणि रस तोंडात उडतो. हनीक्रिस्पच्या पेशी मोठ्या, म्हणून तो फटाका जास्त मोठा. पण बागायतदाराच्या दृष्टीने हनीक्रिस्प म्हणजे लाडावलेलं पोर. सालीखाली कडू डाग पडतात, एका झाडाची तोडणी तीन-चार खेपांत करावी लागते, देठ कात्रीने कापावा लागतो नाहीतर तो शेजारच्या फळाला भोसकतो, आणि शीतगृहात थोडं जास्त थंड झालं तरी गर खराब होतो.

एन्टरप्राइज नेमकं उलट. चवीला कुणी त्याच्या प्रेमात पडलेलं मी पाहिलं नाही, पण उशिरा येणारं, कणखर, रोगाला दाद न देणारं आणि टिकणारं. बॅरिटांनी हनीक्रिस्पची करकर एन्टरप्राइजच्या हाडापेरावर बसवली. टिकणं हा या वाणात अपघाताने आलेला गुण नाही, त्याच्यासाठीच लग्न लावलं होतं.

चवीचं गणित त्यापुढे सुरू होतं. कॉस्मिक क्रिस्पमध्ये साखरही जास्त आणि आंबटपणाही जास्त. तोडणीच्या वेळी थोडा स्टार्च शिल्लक असतो, त्याची पुढच्या काही आठवड्यांत साखर होते. मॅलिक आम्ल, म्हणजे सफरचंदाला आंबटपणा देणारं आम्ल, मात्र हळूहळू जळत राहतं. गालासारखं मुळातच मवाळ फळ घ्या. मार्चपर्यंत त्यातला आंबटपणा संपत आलेला असतो आणि उरतं ते पाणचट गोड. कॉस्मिक क्रिस्पने आंबटाची गंगाजळीच मोठी ठेवलेली असते. डिसेंबरात ते थोडं तिखट-आंबट, अंगावर येणारं लागतं. मे उजाडेपर्यंत धार बोथट होते, साखर पुढे येते, तरीही जिभेला झिणझिणी देण्याइतकं आम्ल उरलेलं असतं. आणि एवढ्या काळात गर जवळपास तसाच टणक. म्हणून तुम्हाला वाटलं तो भास नव्हता. माझ्या अनुभवात हे फळ फेब्रुवारी ते मे या काळात सगळ्यात छान लागतं.

अर्थात हे आपोआप होत नाही. ज्या खोल्यांत आम्ही फळ ठेवतो तिथे तापमान शून्य-एक अंशाच्या आसपास असतं, आणि आपल्या हवेत 21 टक्के असणारा ऑक्सिजन तिथे 1-2 टक्क्यांवर आणलेला असतो. दार सीलबंद, बाहेर धोक्याची पाटी. आत माणूस गेला तर दोन श्वासांत कोसळेल. सफरचंद मात्र तिथे अर्धवट झोपेत महिनोन्महिने पडून राहतं. बरेच जण वन-एमसीपी नावाचा वायूही वापरतात. त्याने फळाला पिकण्याचा निरोप देणारं इथिलीन ऐकूच येत नाही. केळ्यांच्या शेजारी ठेवलेलं सफरचंद लवकर म्हातारं होतं ते याच इथिलीनमुळे, तेव्हा घरी दोघांना वेगळं ठेवा. व्यवस्थित ठेवलेलं कॉस्मिक क्रिस्प दहा-बारा महिने काढतं. तुमच्या मेच्या फळाला 'शिळं' म्हणालात, तो शब्द मला जरा लागला, खरं सांगते.

पण याची किंमत मोजावी लागते, आणि ती जाहिरातीत नसते. सुगंध. आपण ज्याला सफरचंदाचा वास म्हणतो तो फळ पिकताना तयार होणाऱ्या एस्टर नावाच्या सुवासिक द्रव्यांचा. पिकणंच रोखून धरलं की तेही फारसे तयार होत नाहीत. त्यातून या वाणाचा सुगंध मुळात फार भरभरून नाही. करकर दहापैकी दहा, रस नऊ, गोड-आंबटाचा तोल आठ, वास पाच. एवढेच गुण मी देईन. ऑक्टोबरात मला कुणी विचारलं तर मी कॉस्मिक क्रिस्प देणार नाही. सरळ बागेवरचं, झाडावर पूर्ण तयार झालेलं हनीक्रिस्प देईन, किंवा शनिवारच्या शेतकरी बाजारातलं एखादं जुनं, वेडंवाकडं, दोन आठवडेही न टिकणारं वाण. त्या महिन्यात टिकाऊपणाला कोण विचारतो!

चाखायचं कसं, तर पहिली गोष्ट, फ्रीजमधून काढून लगेच नको. थंडीत वास बांधला जातो. तासभर बाहेर राहू द्या. फळ उभं कापा आणि उन्हाकडची, म्हणजे जास्त लाल बाजू आणि सावलीकडची बाजू वेगवेगळी खा. एकाच फळात दोन चवी निघतात. देठाकडच्या भागापेक्षा तळाकडचा भाग बहुतेक वेळा गोड असतो. त्यामुळे एकाने वरची फोड खाल्ली आणि दुसऱ्याने खालची, की घरात वाद ठरलेला. पहिला घास सालीसकट, दुसरा सालीशिवाय. पहिल्या चाव्याचा आवाज ऐका, मग रस, आणि मग गिळून झाल्यावर काय राहतं ते बघा. कॉस्मिक क्रिस्पमध्ये शेवटी आंबट राहतं, फुजीत गोड, आणि बिघडलेल्या रेड डेलिशसमध्ये सालीचा तुरटपणा. एकटं फळ खाऊन काही कळत नाही. शेजारी एक हनीक्रिस्प आणि एक फुजी ठेवा. आणि कुठल्याही नव्या वाणाला एका फळावरून निकाली काढू नका. दोन वेगवेगळ्या आठवड्यांत, दोन दुकानांतून आणा. आमच्याकडेच एका दिवशी येणाऱ्या दोन बागांच्या फळांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

फोडी काळ्या पडत नाहीत म्हणून 'यात काहीतरी जनुकीय भानगड आहे' असं तुमच्या गटात कुणी म्हणालंच असेल. नाही. न काळवंडणारं जनुक-बदललेलं सफरचंद आहे, पण ते आर्क्टिक नावाने विकलं जातं, ते वेगळं. कॉस्मिक क्रिस्प हा साधा परागकण टाकून केलेला संकर आहे. ते हळू काळवंडतं, अजिबात नाही असं नव्हे. मला त्याचा सगळ्यात मोठा उपयोग चतुर्थीला होतो. दुपारी फोडी करून ठेवल्या तरी चंद्रोदयाला ताटात पांढऱ्या दिसतात. दह्यातल्या कोशिंबिरीतही पाणी फार सुटत नाही.

आता पुण्याच्या आईंबद्दल. आपल्याकडे वाशीच्या बाजारातून येणारं 'वॉशिंग्टन' म्हणजे वर्षानुवर्षं तेच गडद लाल, पाच उंचवटे असलेलं रेड डेलिशस. इथलं गिऱ्हाईक ज्याला कंटाळलं ते. त्यावर भारतात 50 टक्के आयात शुल्क होतंच, जून 2019 मध्ये आणखी 20 टक्के चढलं, आणि ते जादाचं शुल्क सप्टेंबर 2023 मध्ये उतरलं. योगायोग बघा, कॉस्मिक क्रिस्प बाजारात आलं त्याच वर्षी भारताचं दार अर्धवट लोटलं गेलं होतं. आईंना चमक आणि स्टिकर बघून महागाचं फळ घेऊ नका म्हणावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काश्मीरचं किंवा किन्नौरचं ताजं फळ आलं की ते घ्यावं. हाताला जड लागलं आणि देठ हिरवट असला की डोळे मिटून घ्यावं. उन्हाळ्यात मात्र आंब्याच्या दिवसांत सफरचंदाचं नाव तरी कशाला काढायचं!

राहिलं बी. सफरचंदाच्या बीतून तेच सफरचंद येत नाही. प्रत्येक बी हा नवा संकर असतो, कारण परागकण कुठल्या झाडाचा आला ते मधमाशीलाच ठाऊक. बागांमधलं प्रत्येक कॉस्मिक क्रिस्पचं झाड दुसऱ्या झाडाच्या खुंटावर त्याचं कलम करूनच तयार झालेलं आहे, आणि वाणाचं पेटंट असल्याने काडी मागून मिळणार नाही. शिवाय त्याला जितकी थंडी लागते तितकी पुण्यात पडत नाही. भावाला खरंच हौस असेल तर त्याने हिमाचलच्या हरिमन शर्मा यांनी विकसित केलेल्या, कमी थंडीत फळणाऱ्या एचआरएमएन-99 चं कलम आणावं. महाराष्ट्रातही काहींनी ते लावलं आहे. आणि तरीही बीच लावायचं म्हणत असेल तर लावू द्या. ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन-तीन महिने फ्रीजमध्ये ठेवायचं, मग कुंडीत. फळ धरायला सहा-आठ वर्षं, कदाचित जास्त, कदाचित कधीच नाही. धरलंच, तर ते काय चवीचं आहे ते मला नक्की कळवा.